कचेरीच्या भिंतीवरची कविता

राज्यकारभारात भावनेला जागा असावी की नसावी, हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि तो जवळजवळ नेहमीच वाईट रीतीने घातला जातो. एखादा अधिकारी पूरग्रस्तांसमोर गहिवरला की एक पक्ष त्याला देवमाणूस ठरवून मोकळा होतो, आणि दुसरा पक्ष विचारतो की डोळ्यांतल्या पाण्याने पुराचे पाणी ओसरते काय. मतभेद तीव्र असले तरी एक गोष्ट दोघांनीही न तपासता मान्य केलेली असते: भावना आणि विवेक ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक जड झाले की दुसरे हलके होणारच. प्राचीन चीनमधल्या पंडित-अधिकाऱ्यांचा विषय निघाला की हाच तराजू तिथेही नेला जातो. सुंग राजवटीतला कवी, निबंधकार आणि प्रांताधिकारी सू शी, ज्याला सू तुंगपो या नावानेही ओळखतात, त्याच्याबद्दल तर असे दोन तट पडलेलेच आहेत. काहींच्या लेखी तो सुखदुःखांच्या पलीकडे पोचलेला हसतमुख ज्ञानी आहे. काहींच्या लेखी तो एक हळवा कवी आहे, ज्याला राजकारण कधी उमगलेच नाही. मला ही दोन्ही वाचने चुकीची वाटतात. सू शीच्या लेखनात भावना त्याला वस्तुस्थिती दाखवते, आणि जे दिसले ते कायद्यात, धान्यात, पैशात उतरवणे व उतरवताना चूक झाली तर ती कबूल करणे, हे त्याचे शहाणपण आहे. यातले एक काढून घेतले तर दुसरेही हाती राहत नाही.

चिनी पंचांगाप्रमाणे १०७१ साल सरत होते. पस्तिशीचा सू शी तेव्हा हांगचौला प्रांताधिकाऱ्याच्या खालोखालच्या पदावर होता. वर्षाच्या शेवटच्या दिवशी माणसे लवकर घरी जातात. त्याला मात्र संध्याकाळ झाली तरी कचेरी सोडता येईना, कारण कोठड्या कैद्यांनी भरल्या होत्या. त्या रात्री त्याने कचेरीच्या भिंतीवर एक कविता लिहिली. तिचा आशय असा, की हातात लेखणी घेऊन मी या साखळदंडांतल्या माणसांसमोर रडतो आहे. पोटासाठी धडपडताना ही साधी माणसे जाळ्यात सापडली. मीही तुटपुंज्या पगाराला चिकटून निवृत्ती लांबणीवर टाकतोच आहे. तेव्हा शहाणा कोण आणि मूर्ख कोण याची चर्चा कशाला, आम्ही सगळेच अन्नाच्या मागे आहोत. सणापुरते तरी यांना घरी सोडण्याचे धैर्य कोणात आहे? तसे करणारे अधिकारी पूर्वी होऊन गेले, आणि त्यांच्या आठवणीने मी मुकाट्याने लाजतो.

या कवितेवरचा सर्वांत जोरदार आक्षेप मी आधीच मांडतो, कारण तो खरा आहे. रडून झाल्यावर सू शीने कोणालाही सोडले नाही. सकाळी कैदी कोठडीतच होते आणि त्याचा पगार चालूच होता. चिनी काव्यात अशा लाजेची परंपराच आहे. त्याच्या अडीचशेहून अधिक वर्षे आधी, ८०७ साली, पाय च्यु-यी या तालुक्याच्या अधिकाऱ्याने गव्हाची कापणी पाहिली, शेतात पडलेल्या लोंब्या वेचणारी, काखेत मूल घेतलेली गरीब बाई पाहिली, आणि लिहिले की मी कधी शेत कसले नाही, तरी वर्षाअखेरीस माझ्या घरात धान्य उरते, याची मला दिवसभर लाज वाटत राहिली. वाचणाऱ्याचे मन हेलावते. पण त्या बाईला काय मिळाले? संवेदनशीलता हा सत्ताधाऱ्याचा दागिना होऊ शकतो, आणि तो अंगावर घातला की काही न करताही चांगले असल्याचे समाधान मिळते. ज्यांना अश्रूंचा संशय येतो त्यांच्या संशयाला आधार आहे, आणि तो नाकारून सू शीची बाजू मांडणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

परंतु त्या भिंतीपाशी थांबून निकाल देता येईल काय? ते कैदी कोण होते हे आधी पाहावे लागते. मिठाचा व्यापार सरकारच्या मक्त्याचा होता, आणि चोरटे मीठ नेआण करणाऱ्यांनी त्या इलाख्यातले तुरुंग भरत असत. पुढे मीचौला बदली झाल्यावर, हाच मक्ता उत्तरेकडच्या प्रांतांनाही लावण्याचा विचार चालू असताना, सू शीने एका ज्येष्ठ मंत्र्याला विरोधाचे पत्र लिहिले. त्यात कोठेही रडणे नाही. त्यात आकडा आहे: हांगचौच्या त्या इलाख्यात मिठाच्या गुन्ह्यापायी वर्षाला १७,००० माणसांना शिक्षा होते आणि तरीही चोरटा व्यापार थांबत नाही. कवितेतला ‘मीही यांच्यासारखाच’ हा कबुलीजबाब आणि पत्रातला आकडा यांचा संबंध मला उघड दिसतो. कैदी हे जन्माचे गुन्हेगार आहेत असे मानणाऱ्या अधिकाऱ्याला तुरुंग भरलेला दिसला तर तो आणखी एक तुरुंग मागेल. कैदी आणि आपण एकाच कारणासाठी धडपडतो आहोत हे ज्याला आतून जाणवले, तोच विचारील की इतकी साधी माणसे एकाच गुन्ह्यात का सापडतात, आणि दोष कायद्यातच तर नसेल? कणव नसती तर हा प्रश्न सुचलाच नसता.

अश्रू स्वस्त असतात या आक्षेपाला खरे उत्तर मात्र ह्वांगचौच्या काळात मिळते. १०७९ साली त्याच्या कविता राजद्रोहाचा पुरावा म्हणून वापरल्या गेल्या. शंभराहून अधिक दिवस तो कैदेत होता, आणि सुटका झाली ती यांगत्से नदीकाठच्या ह्वांगचौला हद्दपार होण्यासाठी. नावापुरते एक पद राहिले, पण सरकारी कागदावर सही करण्याचाही अधिकार काढून घेतला गेला. अशा स्थितीत एका परिचिताकडून त्याला कळले की आसपासच्या खेड्यांत गरीब कुटुंबे दोन मुलगे आणि एक मुलगी एवढीच अपत्ये ठेवतात. त्यापुढचे मूल, विशेषतः मुलगी, जन्मतःच थंड पाण्यात बुडवून मारले जाते. नदीपलीकडच्या प्रांताचा अधिकारी चू शौछांग याला सू शीने जे पत्र लिहिले, ते सर्वांनी वाचावे असे मला वाटते. ऐकून घास घशाखाली उतरेना, असे तो सुरुवातीलाच सांगतो. नंतर तो एक तपशील देतो, जो दुसऱ्या कोणी कदाचित गाळला असता: मारणाऱ्या आईबापांनाही ते पाहवत नाही, ते डोळे मिटून, तोंड फिरवून, हाताने मूल पाण्याच्या भांड्यात दाबून धरतात, आणि ते बराच वेळ कण्हत मरते.

हा तपशील कशासाठी? केवळ वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा म्हणून असता तर पत्र तिथेच संपले असते. पण त्या मिटलेल्या डोळ्यांतून सू शीने अनुमान काढले आहे: ही माणसे राक्षस नाहीत, त्यांच्यात माया आहे आणि दारिद्र्य तिला दाबून टाकते आहे. म्हणून उपायही दोन बाजूंनी हवा. कायद्यात स्वतःची मुले-नातवंडे जाणूनबुजून मारणाऱ्यास दोन वर्षांची सक्तमजुरी आहे. ती गावोगावी जाहीर करा, खबर देणाऱ्याला बक्षीस ठेवा, आणि ते पैसे गुन्हेगाराकडून व माहीत असून गप्प बसणाऱ्या शेजाऱ्यांकडून वसूल करा. त्याच वेळी गावातल्या संपन्न घरांना सांगून खरोखर गरीब असणाऱ्यांना मदत पोचवा. आणि मग तो म्हणतो की पहिले काही दिवस मूल वाचवा. तेवढे दिवस गेले की मारा म्हणून सांगितले तरी आईबाप मारणार नाहीत. हे वाक्य मला त्याच्या साऱ्या प्रसिद्ध काव्यपंक्तींहून मोठे वाटते. माया जडायला किती दिवस लागतात हे मोजून धोरणाचा सांधा नेमका तिथे बसवणारा माणूस हळवा म्हणायचा की हिशेबी? स्वतः ह्वांगचौत त्याने ओळखीच्या लोकांकडून वर्षाला ठरावीक रकमा गोळा करून अशा मुलांसाठी तांदूळ आणि कापडचोपड पुरवण्याची व्यवस्था उभी केली. सहीचा अधिकार नसलेल्या माणसाने केलेले हे काम आहे.

हे अनुमान त्याला अनुभवातूनही मिळाले होते. मीचौच्या दुष्काळात लोक मुले टाकून जात, तेव्हा सरकारी धान्याच्या हिशेबातून काही शे पोती शिल्लक काढून त्याने ती वेगळी ठेवली, आणि टाकलेले मूल सांभाळणाऱ्या घराला दरमहा धान्य लावून दिले. वर्षभरात पाळणाऱ्यांना आणि मुलांना एकमेकांचा खऱ्या आईबापांसारखा लळा लागला. त्या काळच्या एका कवितेत त्याने दोन ओळी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत: सुऱ्याला धार लावून दरीत लुटारूंचा पाठलाग करतो, आसवे गाळीत तटाच्या कडेने टाकलेली मुले उचलतो. चिनी काव्यात अशा जोडओळींमध्ये शब्दास शब्द तोलून बसवलेला असतो. सुरी आणि आसवे एकाच मापाची ठेवावीत, असे त्याला वाटले.

कारभाराच्या भाषेत माया आली की ती ढिली पडते, असे समजणाऱ्यांनी आपल्याकडचेही एक उदाहरण आठवावे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचा नियम आहे. आंबा-फणसाची झाडे कामाची असली तरी त्यांना हात लावू देऊ नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात आणि तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहणार नाही, असे तिथे सांगितले आहे. फारच जीर्ण झालेले झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे. ‘लेकरासारखी’ हा शब्द तिथे शोभेला आलेला नाही. झाडाची किंमत केवळ लाकडाच्या मापाने का धरू नये, याचे कारणच तो आहे.

आता दुसरा आक्षेप, आणि हा मला पहिल्याहून अवघड वाटतो. भावना दिशा चुकवते, आणि सू शीची चुकलीही. १०६९ पासून वांग आन्शी या मंत्र्याने ज्या सुधारणा सुरू केल्या त्यांना सू शीने कडाडून विरोध केला. वांग आन्शी निष्ठुर नव्हता. तोही मोठा कवी होता, साधा राहत होता, आणि सावकारांच्या कचाट्यातून शेतकरी सोडवावा म्हणूनच त्याने सरकारी पीककर्जाची योजना आणली होती. तिचे व्याज हंगामाला २० टक्के होते, म्हणजे सावकारी दरांच्या मानाने कमीच. दोघांनाही शेतकऱ्याबद्दल कळवळा होता, तर कळवळ्याने निर्णय कसा होणार? समोरच्या दुःखिताचा चेहरा दिसतो. धोरणामुळे ज्याचे भले होईल तो अजून कोठे दिसत नसतो, आणि भावना नेहमी दिसणाऱ्याच्या बाजूने झुकते. सू शीने स्वतःच हे मान्य केले आहे. हद्दपारीनंतर एका जुन्या स्नेह्याला त्याने लिहिले की नव्या कायद्यांच्या सुरुवातीला आपण एकांगी मते धरून बसलो. तळमळ देशाचीच होती, पण जे बोललो त्यात चुकाच फार होत्या आणि योग्य असे थोडेच होते.

या आक्षेपातून एवढे निश्चित सिद्ध होते की भावना एकटी पुरत नाही. पण ती नको होती, असे सिद्ध होते काय? १०७२ सालची त्याची एक कविता यांगत्सेच्या खोऱ्यातल्या शेतकरी बाईच्या तोंडी आहे. ऐन सुगीत पाऊस थांबेना, विळ्यांना गंज चढला, महिनाभर बांधावर झोपडीत राहून कसेबसे भात काढले. घामाने निथळत, खांदे सोलपटत ते बाजारात नेले, तर भाव कोंड्याचा मिळाला. बैल विकून सारा भरला, घराची लाकडे काढून चूल पेटवली. आणि मग ती म्हणते की सरकारला आता तांदूळ नको आहे, पैसा हवा आहे. सुगीच्या दिवसांत सर्वांनाच रोकड हवी असेल तर सगळे एकदम विकायला धावतात आणि भाव कोसळतो, हे मराठी शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायला नको. राजधानीत बसलेल्याला ते दिसत नव्हते, कारण वरपर्यंत जाणाऱ्या अहवालात किती कर्ज वाटले आणि किती पैसा जमा झाला एवढेच जात होते. त्या बाईची हकीकत हा तक्रारीचा सूर नाही. योजना कोठे मोडते याची ती अचूक नोंद आहे. त्याच धर्तीच्या डोंगरगावांवरच्या कविता, ज्यांत म्हाताऱ्याला तीन महिने मीठ मिळालेले नाही, १०७९ च्या खटल्यात गुन्हा म्हणून वाचल्या गेल्या. वांग आन्शी तोवर पदावर नव्हता आणि त्या खटल्याचे खापर मी त्याच्या माथी फोडत नाही. परंतु ज्या कारभाराने दुःखाची वार्ता आणणाऱ्याला कैद केले, त्याने स्वतःच्या चुका कळण्याचा रस्ताच बुजवला.

आणि मत बदलण्याची वेळ आली तेव्हा कोणी बदलले? १०८५ मध्ये सम्राट शनचुंग वारला, सुधारणाविरोधक सत्तेवर आले, आणि त्यांचा नेता सिमा क्वांग याने वांग आन्शीचे कायदे एका मागून एक रद्द करायला घेतले. सू शीसाठी तो सूड उगवण्याचा क्षण होता. पण सक्तीच्या सरकारी सेवेऐवजी पैसे घेऊन माणसे नेमण्याचा जो कायदा होता, तो रद्द करू नये असे त्याने आपल्याच पक्षाच्या पुढाऱ्याला सुनावले. पैसे घेण्याच्या पद्धतीत पैसा वर साठतो आणि खाली चणचण होते. सक्तीच्या पद्धतीत माणसे सरकारी कामाला जुंपली जाऊन शेती सुटते आणि लाचखाऊ कारकुनांचे फावते. दोन्हींचे तोटे जवळपास सारखेच, तेव्हा बसलेली घडी मोडू नका, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याने स्वकीयही गमावले. भावनेच्या आहारी गेलेला माणूस पक्षाला चिकटतो, कारण पक्ष त्याच्या रागाला घर देतो. सू शीचे लक्ष पक्षाऐवजी ज्यांच्यावर कायदा लागू होणार त्यांच्यावर होते, म्हणून तो शत्रूच्या कायद्यातले चांगले पाहू शकला.

या संदर्भात त्याच्या अगदी तरुणपणीच्या एका लेखाकडे वळावेसे वाटते. १०५७ साली, विशीत, राजधानी कायफंगच्या परीक्षेत त्याला शिक्षा आणि बक्षीस यांतल्या औदार्यावर लिहायचे होते. त्याने लिहिले की बक्षीस द्यावे की नाही अशी शंका असताना दिले, तर दयेत अतिरेक होतो. शिक्षा द्यावी की नाही अशी शंका असताना दिली, तर न्यायकठोरतेत अतिरेक होतो. पहिला अतिरेक करणारा तरीही सज्जनच राहतो; दुसरा करणारा घसरत घसरत क्रूर होतो. म्हणून दयेचा अतिरेक चालेल, कठोरतेचा चालणार नाही. मुख्य परीक्षक ओउयांग शिउ या लेखाने थक्क झाला. आपल्या न्यायालयांत आरोपीला जो ‘संशयाचा फायदा’ देतात, त्याच जातीचा हा विचार आहे. माणूस चुकणार हे गृहीत धरून दोनपैकी कोणती चूक पत्करायची, हे इथे ठरवले आहे; आणि ते ठरवताना तर्काला शेवटी विचारावेच लागते की कोणत्या चुकीने माणूस जास्त दुखावतो.

राहिला तो पहिला तट, सू शीला सुखदुःखाच्या पार गेलेला मानणाऱ्यांचा. त्याला ज्ञानी म्हणण्यास माझी हरकत नाही. त्याचे ज्ञान दुःखाच्या अभावातून आले असे म्हणण्यास आहे. हे वाचन १०८२ च्या लाल कड्यावरच्या गद्यकाव्यावर उभे आहे: चांदण्या रात्री नावेत पाहुणा इतकी करुण बासरी वाजवतो की एकाकी नावेतली विधवा रडू लागावी, तो म्हणतो की आपण क्षणभर जगणारे कीटक आहोत, आणि सू शी त्याला समजावतो की पाणी वाहून जाते तरी नदी संपत नाही, चंद्र झिजतो तरी उणा होत नाही. समजावणी सुंदर आहे. पण त्याच वर्षी वसंतात लिहिलेल्या कवितेत ओल्या बोरूंनी पेटवलेली मोडकी चूल आहे, रिकाम्या स्वयंपाकघरात शिजणारी गारढोण भाजी आहे, आणि फुंकर घालूनही न पेटणाऱ्या राखेसारखे मन आहे. त्या चांदण्या रात्रीनंतर तीन महिन्यांनी तो पुन्हा त्याच कड्यावर एकटा चढला आणि लिहिले की मन खिन्न झाले, मग भीती वाटली, आणि तिथे थांबवेना. लाल कड्याची ती रचना एका स्नेह्याला स्वहस्ते लिहून पाठवताना त्याने शेवटी जोडले की मी संकटांनी भ्यालेला माणूस आहे, माझ्यावर माया असेल तर हे दडवून ठेवा. ज्याला भीती उरली नाही तो असे लिहील काय? नदी आणि चंद्राचे उत्तर त्या नावेतल्या करुणेला दिलेले आहे; करुणा वगळली तर उत्तर भिंतीवर टांगायच्या सुभाषिताएवढे लहान होते, आणि आज ते बहुतेक तसेच वाचले जाते.

त्याच्या काळातही हा वाद झाला होता. १०८६ मध्ये सिमा क्वांग वारला, त्याच सुमारास दरबारात मोठा मंगल विधी होता. विधी आटोपल्यावर अधिकारी सांत्वनाला निघाले, तेव्हा तत्त्वज्ञ छंग यी याने अडवले: ज्या दिवशी कन्फ्यूशियस रडत त्या दिवशी ते गात नसत. कोणीतरी उत्तर दिले की गायलेल्या दिवशी रडू नये असे कोठे म्हटले आहे? सू शीने छंग यीची टर उडवली, आणि त्या बोचऱ्या बोलण्याने दरबारात जी तेढ वाढली तिचे नुकसान त्यालाही भोगावे लागले. तिथे मी त्याची बाजू घेणार नाही. छंग यीला शोक उरकून टाकायचा नव्हता, हेही खरे. पण सू शीने तरुणपणीच लिहून ठेवले होते की ऋषींचा मार्ग मुळापासून पाहिला तर तो सगळा माणसाच्या भावनेतूनच निघालेला दिसतो. नियम ज्यासाठी जन्मला त्यालाच तो अडवू लागला, तर नियम पाळून आपण नेमके काय जपतो?

१०८९ मध्ये तो हांगचौला परत आला, या वेळी प्रांताधिकारी म्हणून. गाळाने भरत आलेले पश्चिम सरोवर त्याने उपसले आणि त्या गाळातून बांध घातला. साथ आली तेव्हा स्वतःचे सोने घालून रुग्णालय काढले. मग पुन्हा वर्षाची शेवटची रात्र आली, आणि वीस वर्षांपूर्वीची भिंतीवरची कविता त्याला आठवली. या वेळी कचेरी शांत होती, तिन्ही कोठड्या रिकाम्या होत्या. त्याने जुन्याच यमकांवर नवी कविता रचून, आपण तरुणपणी ज्या पदावर होतो त्याच पदावर आता असलेल्या दोघा सहकाऱ्यांना दिली, आणि सोबत लिहिले की हे सहकाऱ्यांच्या श्रमाचे फळ आहे, माझ्यासारख्या थकल्याभागल्याचे नाही.